पेट्रोलमंधलं चाळीस मिली तेल

माह्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक पेटी हाय. जळालेले पिस्टन मी तिच्यात टाकतो. बायको म्हणते, भंगारात देऊन टाका. मी देत नाही. एक पिस्टन हातात घेतला का त्याच्या मालकाचं तोंड आठवते, अन् दिवस मजेत जाते. पेटी आता भरत आली, राजेहो!

घाटंजीत आपलं फवारणीपंप दुरुस्तीचं दुकान. ज्या सालांत कापसाचं वाटोळं झालं, फवारून फवारून बोंडअळी मरे ना, त्या सालांत लोकाईनं धुऱ्या-बांधावरचं सागवान विकाले काढलं. झाडं कापायच्या मशिनी आल्या, अन् पंपाच्या जागी त्या माह्याकडं येऊ लागल्या. आबासाहेब ठेकेदाराच्याच पाच होत्या. ही मशीन पेट्रोलमंधी तेल मिसळून चालते. एक लिटरले चाळीस मिली; तेल कमी पडलं का पिस्टन जळते. ज्याले चहा करता येते त्याले हेबी येते. पण आबासाहेबाच्या टोळीत सगळे कापसातले तज्ज्ञ!

*

त्याईचा सुपरवायझर मनोहर. शेतकीचा डिप्लोमा केलेला. तो तेल टोपणानं मोजे. औषधाच्या बाटलीचं टोपण, जसं फवारणीत एका पंपाले दोन टोपणं. मी इचारलं, "कोण्या बाटलीचं टोपण?"

"जे सापडन ते," मनोहर म्हणे.

मशीन उघडली तं असा वास मारे का मले तोंडाले फडकं बांधा लागलं. तिच्यात अळी असती तं नक्की मेली असती.

*

एक दिवस मशीन चालू होये ना. आता अळी नाही मेली तं कापसावर काय करतात? डोस वाढवतात. मनोहरनं डोस डबल केला. तरी नाही. मंग चारपट. मशीन चालू झाली अन् असा धूर निंघाला का बाजूच्या गावचे लोक आग विझवाले डहाळ्या घेऊन धावत आले.

मनोहर त्याईले शांतपणे सांगून राह्यला होता, "घाबरू नका. औषध लागू पडलं."

*

आबासाहेब त्याच्यावरताण. कापसावर ते कधी एकच औषध मारत नसत, तीन-तीन मिसळत. तेलातबी तेच. टू-स्ट्रोकचं थोडं, ट्रॅक्टरचं जुनं काळं थोडं, अन् ताकद यावी म्हणून सरकीचं खायचं तेल! मशीन सुरू झाल्याबरोबर भजे तळल्यासारखा वास सुटला. मजूर दहा वाजताच डबे सोडून बसले.

*

मी मनोहरले शंभरदा सांगितलं का मिसळल्यावर पेट्रोलची डबकी, म्हणजे कॅन, हलवत जा, तेल खाली बसते. त्यानं हात दुखवून घेतले नाही. डबकी मोटरसायकलले बांधली अन् दिग्रसले चक्कर मारून आला. वाटेत गाडीतलं पेट्रोल संपलं, तं डबकीतलंच टाकलं. जंगलात पोचला तवा डबकी रिकामी होती. हलली मात्र चांगली होती म्हणे.

*

आता लेतूचं सांगतो. लेतू त्याच टोळीतला कोलाम, झरी जामणीकडच्या पोडावरचा, म्हणजे कोलामाईच्या वस्तीवरचा. लिवता-वाचता येत नाही. त्याले मी जनावराच्या डॉक्टरची एक सिरिंज देली होती. तो तिच्यानं थेंबाथेंबाचं माप घे, फडक्यातून गाळे, अन् आपली डबकी आपणच हलवे. त्याचा एकबी पिस्टन माह्या पेटीत नव्हता.

एका दुपारी त्याचीच मशीन जाम झाली. आबासाहेबांनं मले जंगलात बोलावलं. मी उघडली तं सिलेंडर खरडून गेलं होतं. बिनतेलाची चालली होती. आबासाहेब लेतूवर घसरले. "तेल चोरून इकतं तू. उद्यापासून येऊ नको. कोणी ठेकेदार तुले उभं करनार नाही, हे मी पाह्यतो."

लेतूचं वावर अळीनं साफ केलं होतं. घरची चूल या मशिनीवरच चाले. अन् खरं सगळ्याईले माहीत होतं, मलेबी एकानं हळूच सांगितलं होतं. सकाळी लेतू झऱ्यावर पाणी आणाले गेलता, तवा आबासाहेबांनंच हौसेनं एक झाड कापतो म्हणून मोटरसायकलच्या बिनतेलाच्या पेट्रोलनं त्याच्या मशिनीची टाकी भरली होती. मनोहर जमिनीकडं पाहे. मजूर जमिनीकडं पाहेत. मले अशी चीड आली का पाना फेकून मारावा वाटला. पण बोललो मीबी नाही. तेच आजबी खुपते.

लेतू काही भांडला नाही. आबासाहेबाची इस्त्रीची पांढरी टोपी ओंडक्यावर ठेवलेली होती, ती त्यानं उचलली. एका बाजूले आपल्या डबकीतले चार थेंब टाकले, दुसऱ्या बाजूले मशिनीच्या टाकीतले उरलेले चार थेंब. टोपी उन्हात ठेवली. टाकीतलं पाह्यता पाह्यता उडून गेलं, कापड कोरं. डबकीच्या बाजूले हा एवढा तेलकट डाग.

आबासाहेबांनं डाग पाह्यला. मंग म्हणाले, "मशीन तापली होती. टाकीतलं तेल उडून गेलं असन."

"असन मालक," लेतू म्हणाला. "मंग टोपीवरचंबी उडन. ते उडेपर्यंत बसतो, मंग जातो."

अन् तो टोपीजवळ मांडी घालून बसला. पाना ठेवून मीबी बसलो. मंग एकएक करून सगळी टोळी बसली.