शनिवारची सोबत

अमेरिकेत पार्सिपनीला लेकीकडे आले तेव्हा घरात एकच विषय चालला होता: नातीला मेडिकलला अर्ज करायचा आहे, तर अभ्यासाशिवाय आणखी काय करून दाखवायचं? लेक-जावई दोघंही आयटीवाले. जेवायला बसले की हेच. भाजीत मीठ नाही हेसुद्धा कुणाच्या लक्षात यायचं नाही. लॅबमधलं काम सगळीच मुलं करतात म्हणे. हॉस्पिटलात पेशंटच्या व्हीलचेअर ढकलणंही सगळीच करतात. शेजारच्या काकूंच्या मते तर भरतनाट्यम आता धरूच नये, इथल्या प्रत्येक देशी पोरीचं अरंगेत्रम झालेलं असतं. काहीतरी वेगळं हवं, स्टँड आउट होणारं, एवढं सांगून त्या निघून जायच्या आणि माझ्या लेकीची झोप उडायची.

शेवटी नातीनंच शोधून काढलं. दर शनिवारी वृद्धाश्रमात जायचं, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारायच्या आणि अशा सेवेचे किती तास भरले ते अर्जात लिहायचं. सगळे खूश. मीही शाबासकी दिली. न देऊन सांगते कुणाला?

पण बाई, शनिवार माझा होता. बाकीचे दिवस पोरगी कॉलेजात, घरी आली की लॅपटॉपमध्ये डोकं. शनिवारी सकाळी तेवढी माझ्याजवळ बसून पोहे खायची. मी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तरं द्यायची, आमचं झकास चालायचं. आता ती तिकडे, लेक-जावई सामान आणायला एडिसनला, आणि मी खिडकीत. रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ. नागपूरला पोस्टाच्या काउंटरवर माझी सगळी नोकरी गेली, समोरची रांग कधी संपायची नाही. इथे वॉशिंग मशीन थांबलं की घरात आवाज म्हणून उरायचा नाही. रडू यायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा.

एकदा तिला स्पष्टच म्हटलं, "अगं, मीही म्हातारीच आहे ना? एकटीही आहे. माझ्याजवळ बस की."

ती हसली, गळ्यात पडली आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजी, घरच्यांचे तास धरत नाहीत."

पोरगी खोटं बोलली नाही, नियमच तसा असेल. पण मला लागलं ते लागलंच.

पुढच्या शनिवारी मी हट्टानं तिच्या गाडीत जाऊन बसले. वृद्धाश्रमाच्या मोठ्या खोलीत खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. मला टोकाच्या खुर्चीत बसवून ती कामाला लागली. एका गोऱ्या आजीबाईंसमोर गुडघ्यांवर बसली आणि विचारलं, तुमची पहिली नोकरी कुठली? त्या सांगत राहिल्या, ही ऐकत राहिली. मध्ये फोन नाही, घाई नाही. मला इंग्रजी समजतं, सगळं ऐकू येत होतं. यातलं एक अक्षर तिनं मला कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तिथं काम करणारी एक बाई आली. मला तिथलीच समजून तिनं माझ्या पायांवर ब्लँकेट घातलं, गालाला हात लावला. मी तिथली नाही, असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

नात एकेकाशी बोलत ओळीनं पुढे सरकत होती. माझ्यापाशी आली, ब्लँकेट बघून थबकली. वाटलं, आता हसेल. पण तिनं खुर्ची ओढली आणि त्याच मऊ आवाजात विचारलं, "आजी, तुझी पहिली नोकरी कुठली?"

मग काय, मी सुटलेच. पहिल्या दिवशी शिक्का उलटा मारला ते, साहेब ओरडले ते, पहिल्या पगारात आईला घेतलेलं लुगडं. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मग तिनं घड्याळ पाहिलं. वेळ संपली होती, उरलेलं घरी सांग म्हणाली. घरी आल्यावर तिनं खोलीचं दार लावून घेतलं, परीक्षा होती.

त्यानंतरच्या शनिवारी तिच्या आधी मी कोट चढवून दारात उभी. लेक कौतुकानं म्हणाली, आई, तूपण व्हॉलंटियर करायला लागलीस की. मी हो म्हटलं आणि गाडीत जाऊन बसले.