टर्बटची साल

गाव सोडलं त्या सकाळी आईने एसटीच्या खिडकीतून डबा आत दिला. डब्यात तळलेले लेप होते. चपलेच्या तळाएवढा चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. "थय लेप गावतलो काय?" एवढंच तिने विचारलं. बाबा गेल्यावर मी तिला पुण्याला ये म्हणू लागले, तेव्हाही तिचा प्रश्न हाच.

लेप इथे मिळत नाही. हडपसरच्या मासेवाल्याने ऐकवलं, "स्वस्त मासा खायचा तर समुद्राकाठी राहायचं, ताई." गाव सोडून आलेल्यांनो, तुम्हालाही असं कुणीतरी ऐकवलं असेलच. मला ते फार लागलं.

यंदा आई आठवडाभरासाठी आली. तिने कायमचं राहावं म्हणून मी मोठ्या दुकानातून परदेशी टर्बट आणला. लेप नाही, निदान चपटा तरी. तिने तो ओट्यावर उलटसुलट केला. लेप लांबट, हा भाकरीसारखा गोल. अंगावर खवले नाहीत, नुसती टेंगळं. आमच्याकडच्या भाकस या दुसऱ्या चपट्या माशाइतका जाड, पण भाकसासारखे दात नाहीत.

चपटा मासा म्हणजे आधी साल काढायची, हा आमच्या घरचा नेम. बोटांना राख लावली की लेपाची साल एका झटक्यात निघते. फ्लॅटमध्ये राख कुठली? पीठ लावलं. टर्बट काही दाद देईना. "शेपटी घट्ट धर," आई म्हणाली आणि डोक्याकडून साल ओढू लागली. मासा निसटून सिंकमध्ये पडला तशा आम्ही दोघी हसत सुटलो. त्या स्वयंपाकघरात दोन माणसांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

जेवताना ती म्हणाली, "बरो आसा. पण माका हय कोण वळखता?" रविवारी स्वारगेटला तिला गाडीत बसवलं. घरी येऊन टीव्ही लावला, कुणीतरी बोलत राहावं म्हणून.

पुढे त्या दुकानात ही गंमत सांगितली तर दुकानदार म्हणाला, "साल काढलीत? अहो मॅडम, टर्बटची सालच तर खातात." म्हणजे ओढाओढीची गरजच नव्हती. मासा एकटीला करता आला असता.

मी तिला हे सांगितलेलं नाही. पुन्हा टर्बट आणून फ्रीझरमध्ये ठेवलाय आणि फोनवर एवढंच म्हटलंय, "आई, साल निघत नाही. शेपटी धरायला ये."