मडमचा डावा डोळा

इतक्या वेळा आणि इतक्या हौसेने मेलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. मी मूळची रत्नागिरीची, तेलाच्या तेजीत सौदीतल्या जुबैलला कंपनीच्या दवाखान्यात नर्स म्हणून आलेली. मडम तिथल्या एका इंग्रज इंजिनियरची बायको. लंडनच्या रंगभूमीवर आणि सिनेमात चाळीस वर्षं त्यांनी मोलकरणी, शेजारणी, खाष्ट आत्या रंगवल्या आणि बहुतेक सगळ्या मध्यंतराआधीच मेल्या. विषाने, जिन्यावरून गडगडून, एकदा तर पियानोखाली सापडून! जुबैलमध्ये कुठलं आलंय नाटक? मग बाई हौस भागवायला दवाखान्यात येत आणि साधं इंजेक्शन घेऊनसुद्धा मरत. माझ्या पहिल्याच आठवड्यात अशा कोसळल्या की मी घसा फोडून डॉक्टरांना हाका मारल्या, छाती दाबायला घेतली, तर डावा डोळा किलकिला करून विचारतात कशा, "कसं जमलं, सिस्टर?" असा संताप आला म्हणून सांगू! पुढे मात्र मीही निर्ढावले. "आज हात फार हलले, मडम," म्हटलं की बिचाऱ्या मुकाट्याने पुन्हा मरून दाखवत.

एके दिवशी मडम न मरताच दारात उभ्या. हातात लंडनचं पत्र. नव्या नाटकात आजीचं काम, आणि ही आजी चक्क शेवटच्या पडद्यापर्यंत जगणारी! पत्र त्यांनी मला दोनदा वाचायला लावलं, आणि तो काही अभिनय नव्हता. "सिस्टर, शेवटी सगळे मिळून प्रेक्षकांना नमस्कार करतात ना, तिथे मी कधी उभीच राहिले नाही हो. तोवर मी तोंड धुऊन घरी गेलेली असते." सोमवारी तालमीला हजर व्हायचं, नाहीतर काम दुसरीला. पण देशाबाहेर पडायला परवाना लागतो, आणि पासपोर्ट कंपनीच्या मुदीरच्या, म्हणजे तिथल्या बड्या साहेबाच्या, कपाटात. नवरा सही करून कधीच मोकळा झाला होता. मुदीर मात्र रोज प्रेमाने चहा पाजून एकच सांगे, "बुकरा." म्हणजे उद्या. हा उद्या कधी उजाडतो ते आम्हा इकामावाल्यांना, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर जगणाऱ्यांना, विचारा!

बुधवार उजाडला. त्यापुढे गुरुवार-शुक्रवार तिथली सुटी, म्हणून मीच सोबत गेले. मुदीरने चहा मागवला, "बुकरा" म्हणाला आणि मडम त्याच्या सोफ्यावर मेल्या. काय मेल्या हो! मी नाडी धरली, चेहरा पाडला आणि मोडक्यातोडक्या अरबीत म्हटलं, "साहेब, जिवंत बाईला बाहेर जायला एक कागद लागतो. मेलेलीला किती?" मुदीरच्या डोळ्यांपुढे पोलीस, डॉक्टर, वकिलात, पेटी, विमान सगळं उभं राहिलं असावं. त्याला दरदरून घाम फुटला. शिक्का दाणकन बसला. "खलास! यल्ला, यल्ला!" म्हणजे झालं, निघा आता! शिक्क्याचा आवाज ऐकून डावा डोळा उघडला.

त्यानंतर तीन महिने मडम रोज शेवटपर्यंत जगल्या. मला पत्रात लिहिलं, "नमस्काराला उभी राहिले, तर हात कुठे ठेवायचे तेच कळेना." वाचून हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वर्षभराने त्यांचा नवरा रजेवरून परतला तो एकटाच. दवाखान्यात येऊन म्हणाला, "गेली, सिस्टर. आरामखुर्चीत, चहा पिता पिता." माझ्या तोंडून सवयीने मडमचाच प्रश्न निघून गेला, "कसं जमलं?" लगेच जीभ चावली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो मात्र खुर्ची ओढून बसला.

"फार सुरेख," म्हणाला. "हात जरासुद्धा हलले नाहीत. मी तासभर तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत बसलो होतो."