आसारामची दुमडती बंदूक

आसाराम माझा चुलत भाऊ. पाथर्डीच्या बाजूच्या आमच्या गावात परवान्याची बंदूक फक्त त्याच्याकडे होती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे. ठासणीची, एकनळी, उभी केली तर खांद्याला लागेल एवढी लांब. रानडुकरांपासून पीक राखायला म्हणून परवाना मिळालेला. डुकरं किती मेली ते डुकरांनाच ठाऊक, पण बंदूक आल्यापासून आसारामची मान ताठ झाली ती झालीच. मला त्यानं ती कधी हातात दिली नाही. त्यामुळे सांगताना मी थोडं आंबट बोललो तर समजून घ्या.

तिचा खरा मान दसऱ्याला. सगळा गाव शिवेवर जातो, आपट्याची पूजा होते, पण आसारामचा बार झाल्याशिवाय कुणी पानाला हात लावायचा नाही अशी आमच्याकडची रीत. नळीत दारू ओतून, वर चिंधी ठासून तो आभाळाकडे बार काढायचा. छर्रे नाहीत, नुसता आवाज. त्या एका आवाजावर हा गडी वर्षभर मिरवायचा. बहात्तर साली पावसानं तोंड फिरवलं. रानात पीक नाही, म्हणून राखायलाही काही नाही. बंदुकीला तेवढा दसराच उरला होता.

आणि नेमका त्याच दसऱ्याच्या तोंडावर कानिफनाथ सुट्टीवर आला. गावचाच पोरगा, रणगाड्यावर होता, आदल्या वर्षीची लढाई करून आलेला. संध्याकाळी पारावर लोक त्याला घेरून बसायचे. तो काही बढाया मारणारा नव्हता, विचारलं तेवढंच सांगायचा. रणगाड्यात जागा कमी, म्हणून त्यांना कार्बाइन, म्हणजे आखूड बंदूक, मिळायची. मागचा दस्ता नळीखाली दुमडला की ती हातभर होते, उलगडला की खांद्याला लावायची, आणि घोडा दाबून धरला की मॅगझिन रिकामं होईस्तोवर थांबायचं नाव घेत नाही.

"दुमडती म्हंजी? छत्री हाय का ती?" आसारामनं विचारलं. लोक हसले आणि पुन्हा कानिफनाथकडे वळले.

तेव्हापासून आसाराम जळायला लागला. हे मी पदरचं सांगत नाही. त्याची बायको रंगुबाईच मला म्हणाली, "भावजी, ह्यांना भाकर ग्वाड लागंना. बंदूक मांडीवर घिऊन बसत्यात अन् म्हनत्यात, ही लई लांब हाय."

त्यात पाटलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, पारावर बोलून टाकलं की यंदाचा बार आपल्या फौजी पोरानं काढावा. आसारामचं तोंड काळवंडलं.

"परवाना माझ्या नावावर हाय," तो म्हणाला. "बार मीच काढनार. अन् आसा काढनार, की तुमी ती कारबाईन इसराल."

दुसऱ्या दिवशी तो रंगनाथ सुताराकडे गेला. रंगनाथनं नको नको म्हणून पाहिलं, मग हात टेकले. दस्ता जिथं मुठीत धरायला बारीक होतो तिथं करवतीनं कापला आणि दाराला बसवतात तशी बिजागरी बसवली. उलगडलेला दस्ता मिटू नये म्हणून बाजूला खिडकीची कडी.

दसऱ्याला आसाराम शिवेवर आला तो घोंगडीखाली बंदूक काखेत धरून. दस्ता दुमडला होता हे खरं, पण नळी होती तेवढीच होती. ती घोंगडीखालून पोटरीपर्यंत लोंबत होती. त्यानं घोंगडी बाजूला टाकली, दस्ता उलगडला, कडी लावली. मग कानिफनाथकडे एकदा बघून नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ओतली आणि गजानं ठासली. मी म्हणालो, "आरं, पुरं आता." त्यानं ऐकलं नाही.

बार मोठाच झाला. पण त्या धक्क्यानं कडी उपटली, दस्ता मिटला आणि बंदूक आसारामच्या तोंडावर आदळून खाली पडली. ओठ फुटला. लोक आधी घाबरले, मग कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. बंदोबस्ताला आलेला जमादार मात्र हसला नाही. त्यानं बंदूक उचलली, बिजागरी उघडमीट करून पाहिली आणि म्हणाला, "हत्यार कापलंत? आता ही ठाण्यात जमा."

आसाराम खाली बसून राहिला. कानिफनाथनं तांब्याभर पाणी आणलं, त्याचा ओठ धुतला आणि हळूच म्हणाला, "काका, माझी तर रोज संध्याकाळी जमा व्हते. सुट्टीवर निगालो तवा दुसऱ्याला दिली. तुमची तेवढी तुमची हुती. बारका हुतो तवापून वाटायचं, आपली बी आशी एक आसावी."

आपण ज्याच्यावर जळत होतो तो आपल्याच बंदुकीचा हेवा करत होता, हे आसारामच्या डोक्यात शिरलं, पण बंदूक तोवर जमादाराच्या सायकलला बांधून झाली होती.

सुट्टी संपल्यावर कानिफनाथला एसटीवर सोडायला आम्ही दोघं गेलो. बंदूक अजून ठाण्यातच होती, आणि ती सुटायचं लक्षण दिसत नव्हतं. आसारामनं पोराची ट्रंक टपावर चढवली, मग खिडकीशी येऊन विचारलं, "आता कुनाच्या खांद्याला आसंल रं तुझी कारबाईन?"

"आसंल कुनाच्या तरी. गेलो की घीन मागून."

गाडी हलली तरी आसारामनं खिडकीचा गज सोडला नाही, तसाच चार पावलं चालला.

"तुला तरी मिळंल माघारी," तो म्हणाला.