आबांच्या कानातला भुंगा

गेल्या दिवाळीत अक्कानं आबांसाठी कानाचं मशीन आणलं आणि आमच्या घरात महाभारत घडलं. पुढचा सोपा पाव्हण्यांनी भरलेला असताना तिनं ते डबीतून काढलं. आबा कडाडले, "मी काय बहिरा झालोय व्हय?" अक्का डोळे पुसत नेसरीला, तिच्या सासरी निघून गेली. चौथ्या दिवशी आबांनी मशीन गुपचूप कानात घातलं. माझ्या वडिलांचं हे असंच, आधी डरकाळी आणि मग शहाणपण.

अक्काच्या घरात मोबाईलला रेंज नसते, म्हणून ती दर रविवारी सकाळी घरच्या फोनवरून आमच्या घरच्या फोनवर बोलते. आमचा फोन बिनवायरचा. टीव्हीच्या कपाटावर, वायफायच्या डब्याला खेटून, आईनं विणलेल्या रुमालावर तो विराजमान असायचा. दिवाळीनंतर आबा फोन घ्यायचे, "हां... बरं हाय..." म्हणायचे आणि कपाळाला आठ्या घालून लगेच आईच्या हातात द्यायचे. असं होळीपर्यंत चाललं. शेवटी अक्का मला म्हणाली, "मशीन घालत्यात म्हणतीस, मग माझ्याशीच का बोलत न्हाईत? त्यांचा राग गेल्याला न्हाय. येत्या रविवारी शेवटचा फोन करीन. पुन्यांदा न्हाय."

माझं डोकं तसंही लवकर तापतं. मी आबांना फैलावर घेतलं. तेव्हा ते पुटपुटले, "त्या फोनात भुंगा हाय. तिचा आवाजच कळत न्हाय."

मी फोन कानाला लावला. भुंगा कसला न् काय, डायल टोन खणखणीत होता! म्हातारा बहाणे करतोय, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

तरी लाइनीत बिघाड नाही हे दाखवून त्यांना खोटं पाडायचंच म्हणून रविवारी सकाळी स्टुलावर चढून मी भिंतीवरची फोनची डबी उघडली. उघड्या तारा बोटांत धरायला आणि रिंग यायला एकच गाठ पडली. झटका असा बसला की मी थेट खाली. तार निसटली, फोन मुका झाला. रविवार सकाळ म्हणजे फोन अक्काचाच होता. आपला शेवटचा फोनही आबांनी उचलला नाही, असंच तिला वाटलं असणार. मी तशीच धावत जाऊन गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या टेलिफोनच्या लाइनमनला घेऊन आले.

"ताई, लाईटच्या वायरीला भिता न्हवं? मग हिला का न्हाय?" तो डाफरला. "रिंग आली की हिच्यातबी करंट येतो. आधी लाइन सोडवायची, मग हात लावायचा." मग त्याची नजर आबांच्या कानाकडे गेली. "मामा, मशीन घालून ह्या फोनवर बोलता व्हय? गुणगुणतंय न्हवं? माझ्या आईचंबी असंच व्हतं. ह्यो फोन बिनवायरचा, त्याच्या लहरी मशीनमधी शिरत्यात. दुसऱ्या कुणाला ऐकू येत न्हाय ते."

त्यानं माळ्यावरचा जुना वायरचा फोन काढायला लावला. लाईटच्या वायरीबरोबर बांधलेली फोनची वायर, तिचीही गुणगुण नको म्हणून, सोडवून वेगळी नेली आणि फोन वायफायपासून लांब, समोरच्या भिंतीला जोडला.

"मशीन गुणगुणतंय म्हणून आधी का न्हाय सांगितलं?" मी आबांना विचारलं.

"लेकीनं हौसेनं आणल्यालं. वंगाळ निघालं म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

मला माझीच लाज वाटली. पाच महिने हा माणूस भुंगा कानात घेऊन "बरं हाय" म्हणत होता.

आबांनी स्वतः नंबर लावला. पलीकडून उचलल्याचा खट्ट आवाज मलाही ऐकू आला. "मी बोलतोय," आबा म्हणाले. बराच वेळ ते नुसते रिसीव्हर कानाशी दाबून उभे होते. फोन अजूनही बिघडलेलाच आहे की काय, म्हणून मी लाइनमनकडे बघितलं.

तेवढ्यात आबा म्हणाले, "अगं, नाक वढायची थांब आधी. समदं ऐकू येतंय मला."