मायाबाईंचं डबिंग

"पिक्चरमधून माझं नाव काढा म्हणा, तोंड काढा म्हणा, नाही तर पिक्चरच बंद करा म्हणा!" सून पायलने गॅस खाडकन बंद केला. "आई, तुमचा पोरगा फौजेत आहे. त्याच्या साहेबाच्या मोबाइलवर हे गेलं तर?"

"साहेबाले दुसरे कामं नाहीत का वं?" मायाबाई म्हणाल्या.

"तिकडे प्रीतमची सुट्टी रद्द झाली," त्यांचे यजमान प्रेमानंद म्हणाले, "अन् तू युद्धाची थट्टा करून राहिली."

"युद्धाची नाही. सही करणाऱ्याची."

मायाबाई एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षं शिपाई होत्या. साहेबांनी सही करायच्या पानावर पिवळी चिठ्ठी लावणं हे त्यांचं काम. चिठ्ठी दिसली की साहेब सही करत. वर काय लिहिलंय ते क्वचितच बघत. एकदा घाईत चिठ्ठी भलत्याच पानावर लागली. काटोलची बदली मागणारी बाई नागपुरातच राहिली आणि न मागणारे श्रीधरभाऊ काटोलला गेले. चूक कुणाच्या लक्षातच आली नाही. श्रीधरभाऊंनी तिथे घरही बांधलं.

हा किस्सा त्यांनी शेजारच्या लतिकाला सांगितला. ती विहारातल्या पोरापोरींना घेऊन पिक्चर करत होती. तिच्या पिक्चरमध्ये मंत्रिमंडळ समोशांवरून भांडतं, चिठ्ठी चुकते आणि सतरंज्यांच्या खरेदीऐवजी युद्धाच्या कागदावर सही होते. शिपाईणीचं काम मायाबाईंनीच केलं होतं. शूटिंगला सगळे पोट धरून हसले होते. त्याला चार महिने झाले. तेव्हा खऱ्या युद्धाची चाहूलही नव्हती. आता फक्त त्यांचा आवाज भरायचा होता, उद्या अकराला.

आणि प्रीतमचा फोन परवापासून बंद होता.

प्रेमानंदांच्या मोबाइलवर कॉलनीच्या ग्रुपचा मेसेज वाजला. त्यांनी मोठ्याने वाचला. हवाई हल्ल्याच्या वेळी दिवे मालवायचा सराव आज रात्री आठला. पाच मिनिटांनी दुसरा आला : आठला नाही, साडेसातला. मग तिसरा : सराव कालच यशस्वीपणे पार पडला, नागरिकांचे आभार.

कुणीच हसलं नाही. लतिकाने असं लिहिलं असतं, तर मायाबाईच म्हणाल्या असत्या, एवढं ताणू नको पोरी.

पायल ओट्याला टेकून उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिने हळूच विचारलं, "आई, तिकडे तरी सही करणारे वाचत असतील ना? पोरांले पुढं पाठवायच्या आधी?"

मायाबाईंनी एकतीस वर्षांतले साहेब एकेक करून आठवले. वाचणारे दोन निघाले. त्यातल्या एकाची सहा महिन्यांत बदली झाली होती.

"सांगा ना, आई."

"वाचतात वं," प्रेमानंदच म्हणाले. "तिथं मोठे लोक असतात."

"आमच्याकडेही मोठेच होते."

मायाबाईंनी कणकेची परात पुढे ओढली, पाणी घातलं आणि दोघांकडेही न बघता म्हणाल्या, "उद्या अकराला मी डबिंगले जाऊन राहिली. नाव काढणार नाही, तोंडही काढणार नाही. जेवायले माह्यासाठी थांबू नका."