एकाच एक्सरेचे दोन आजार

"टीबी आहे," पहिले डॉक्टर म्हणाले. माझा एक्सरे त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावला होता. छातीच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना बटाट्यासारख्या गाठी दिसत होत्या.

त्याच आठवड्यात दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तोच एक्सरे तशाच पेटीवर लावला, मान तिरपी करून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "मला हा टीबी वाटत नाही. सार्कॉइडोसिस वाटतोय."

सार्कॉइडोसिस हे नाव मी जन्मात ऐकलं नव्हतं. तुम्हीही ऐकलं नसेल तर सांगते. शत्रू कुणी नसतानाच शरीराची प्रतिकारशक्ती खवळते आणि फुफ्फुसात, गाठींत सूज आणते. का खवळते ते नक्की कुणाला ठाऊक नाही. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. टीबी जंतूंमुळे होतो, आणि फुफ्फुसाचा असला तर दुसऱ्याला होऊ शकतो. सार्कॉइडला स्टिरॉइड देतात, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबायचं औषध. टीबी असताना नुसतं तेच दिलं तर टीबी फोफावतो. म्हणजे एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष, आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी ठाम.

आणि माझी वैदेही सातव्या महिन्यात. पहिलं बाळंतपण, ते माहेरी, माझ्या घरी करायचं ठरलेलं. माझ्या छातीत काय आहे यावर माझी लेक माझ्या घरी येणार की नाही, आणि तिचं बाळ मी हातात घेणार की नाही, हे ठरणार होतं. मला माझ्या जिवाची फारशी भीती वाटली नाही. भीती वाटली ती या एका गोष्टीची.

सुरुवात साध्या कोरड्या खोकल्याने झाली. मग जिना चढताना धाप, संध्याकाळी अंगात कणकण, आणि पायाच्या नडगीवर लाल, दुखऱ्या गाठी. या लाल गाठींना एरिथिमा नोडोसम म्हणतात. मी त्याला डास चावले म्हणत होते. आमचे हे म्हणाले, "पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतली धूळ आहे ही. इतकी वर्षं कारखान्यात काढलीस, ती आता बाहेर येतेय." शेजारच्या अक्कांनी निदान केलं की मला दृष्ट लागलीय. आमचं घराणं बेंगळूरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतून सल्ले फुकट मिळतात.

माझा स्वभाव मुळातच संशयी, आणि नोकरीने तो आणखी पक्का केला. पीण्यातल्या गिअरच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होते. माल मापात नसला की परत पाठवायचा, हे माझं काम. भोक मोठं पडलं की मशीनवाला म्हणायचा लोखंड खराब आलंय, लोखंड पुरवणारा म्हणायचा मशीन हलतंय, आणि दोघं मिळून म्हणायचे, बाई, तुमचं मोजायचं साधनच चुकीचं आहे. प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं असायचं. आणि प्रत्येकाच्या कारणात तो स्वतः नेमका निर्दोष असायचा. त्यामुळे कुणी फार सहज समजावून सांगायला लागला की माझे कान टवकारतात.

पुण्याहून विहीणबाईंचा, सुनंदाताईंचा फोन आला. आवाजात नुसती साखर. "तुम्ही आराम करा हो. वैदेहीला मी पुण्याला घेऊन जाते, नाहीतर मीच जे. पी. नगरला तिच्या घरी येऊन राहते. तुम्ही काही मनात आणू नका." मी लगेच मनात आणलं. ह्यांना म्हटलं, "बघा, संधी साधली. पहिलं नातवंड आपल्या ताब्यात हवंय त्यांना." हे म्हणाले, "अगं, मदत करतायत बिचाऱ्या." एकाच फोनचे आमच्या घरात दोन अर्थ निघाले, आणि त्यावरून आम्ही दोन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही.

मग तपासण्या सुरू झाल्या. ईबस नावाची एक असते. तोंडावाटे श्वासनळीत दुर्बीण घालतात, आतून सोनोग्राफी करत छातीतल्या गाठीचा बारीक तुकडा सुईने काढतात. गुंगी देतात, दुखत नाही, घसा मात्र दोन दिवस खरवडल्यासारखा होतो. घाबरू नका. खरा त्रास होतो तो बाहेरच्या बाकावर. काउंटरवरची मुलगी सारखी "स्वल्प वेट माडी, अम्मा" म्हणते, आणि तिचं ते स्वल्प, म्हणजे थोडंसं, जेवणाची वेळ टळली तरी संपत नाही.

तुकड्यात ग्रॅन्युलोमा सापडले. ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींनी कशाभोवती तरी घातलेला वेढा. वेढा टीबीतही पडतो आणि सार्कॉइडमध्येही. टीबीच्या वेढ्यात पुष्कळदा मध्यभाग मरून पनीरसारखा मऊ होतो. माझ्यात तसं काही नव्हतं. मी खूश झाले. पहिले डॉक्टर म्हणाले, "सुई नेमकी त्या जागी गेली नसेल."

हातावर टोचून बघायची मॅन्टू चाचणी केली. टीबीचे जंतू शरीराला भेटले असतील तर तिथे फोड येतो. आला नाही. ते म्हणाले, "अशक्त माणसात कधीकधी येत नाही." थुंकीत जंतू नाहीत. "गाठींतला टीबी थुंकीत दिसत नाही." जीनएक्सपर्ट, म्हणजे जंतूंच्या जनुकांचा माग काढणारी तपासणी, तीही कोरी. "जंतू थोडे असले तर सुटतात." रक्तात एसीई नावाचा पदार्थ वाढलेला निघाला, तो सार्कॉइडमध्ये वाढतो. "टीबीतही वाढतो, अम्मा."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी घरी येऊन इंटरनेटवर तपासलं, प्रत्येक वाक्य खरं निघालं. तरी माझा संशय वाढतच गेला. जे काही समोर येईल ते यांच्या टीबीत बसतंच कसं?

पण खरं सांगू? डॉक्टरीणबाईंवरही माझा विश्वास नव्हता. गुळगुळीत फरशीचं इस्पितळ, सोफे, कॉफीचं मशीन. म्हटलं, यांना साधा आजार परवडत नसेल, म्हणून अवघड नावाचा काढलाय. आणि सगळ्यात जास्त संशय मला माझा स्वतःचा येत होता. सार्कॉइड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वैदेही यायची, पाळणा यायचा. ज्या आजारात मला बाळ घेता येतं तोच आजार मला खरा वाटायला लागला होता. असा कौल कारखान्यात कुणी दिला असता तर मी त्याला दारात उभा केला नसता.

पहिल्या डॉक्टरांनी मधला मार्ग काढला. "टीबीची औषधं आणि स्टिरॉइड दोन्ही देतो. जे असेल ते बरं होईल."

"आणि बरी झाले तर कशाने झाले, ते कसं कळणार?"

"अम्मा, बरं होण्याशी मतलब."

"मला नाही नुसत्या बरं होण्याशी मतलब!" मी जरा मोठ्यानेच बोलले. हे माझा पदर ओढत होते. "मला काय झालंय ते मला कळायला पाहिजे. माझ्या घरी बाळ येतंय."

ते म्हणाले, थुंकी स्वच्छ आहे तेव्हा दुसऱ्याला होण्याचा धोका तसा कमीच. 'तसा' आणि 'कमीच' हे दोन शब्द घेऊन मी घरी आले आणि ते मला झोपू देईनात.

मग मी दोघांनाही एकच प्रश्न विचारायचा ठरवला: काय दिसलं तर तुम्ही म्हणाल की माझं चुकलं? हा प्रश्न मी तुमच्यासाठी इथे मुद्दाम लिहिते. नम्रपणे विचारा, पण विचारा.

पहिले डॉक्टर चिडले नाहीत. चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "असं काही सांगता येणार नाही. मी स्टिरॉइड देऊन बिघडलेला टीबी पाहिलाय. तो पेशंट तुमच्याएवढाच हट्टी होता. गेला. त्यानंतर मी गाठ दिसली की टीबीच समजतो." इतके दिवस ज्या माणसाच्या नावाने मी बोटं मोडत होते, त्याच्याबद्दल मला पहिल्यांदा माया वाटली. त्यांच्या मताच्या मागे एक मेलेला माणूस उभा होता. पण तो मी नव्हते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन गोष्टी. गाठीचा नमुना कल्चरला ठेवलाय, त्यात जंतू उगवले तर माझं चुकलं. ते उगवले नाहीत, स्टिरॉइड सुरू केलं, आणि पुढच्या स्कॅनमध्ये गाठी वाढल्या, तरीही माझं चुकलं. मग मी स्वतः तुम्हाला त्यांच्याकडे परत पाठवीन." टीबीचा जंतू महा आळशी, उबेत ठेवला तरी उगवायला आठवडे लावतो. "तोवर औषध नाही. डोळा लाल झाला किंवा धाप वाढली तर त्याच दिवशी या." त्या खुर्चीत बसून कुणी 'माझं चुकलं' हे शब्द इतक्या सहज उच्चारताना मी पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "सरी." ठीक आहे.

ते आठवडे वाईट गेले. मी वेगळ्या खोलीत, वेगळ्या ताटात, कायम मास्क. वैदेही जे. पी. नगरला, आम्ही दासरहळ्ळीला, म्हणजे शहराची दोन टोकं. व्हिडिओवर पोट दाखवायची आणि मी फोनवर हात फिरवायचे. शेवटी सुनंदाताईच बॅगा घेऊन तिच्याकडे आल्या. डिंकाचे लाडू त्यांनी वळले. मी इकडे स्वयंपाकघरात डबे आपटत होते.

बाळ ठरल्यापेक्षा लवकर आलं. मुलगी. मी तिला पहिल्यांदा काचेतून पाहिलं आणि परत येताना रिक्षात ढसाढसा रडले. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि न विचारता गाणं बंद केलं.

पुढे कल्चर कोरं आलं. स्टिरॉइड सुरू झालं. माझं तोंड पुरीसारखं फुगलं, साखर वाढली, रात्रंदिवस भूक. तुमचंही होईल, औषध कमी होतं तसं ते उतरतं. डॉक्टरांना न विचारता मात्र एकही गोळी सोडू नका. खोकला गेला, नडगीच्या गाठी विरल्या. पुढच्या स्कॅनमध्ये छातीतल्या गाठी निम्म्याहून लहान झालेल्या.

"म्हणजे नक्की सार्कॉइड?" मी विचारलं.

"आतापर्यंतच्या सगळ्या पुराव्यावरून, हो. शंभर टक्के म्हणणार नाही. बाळाला घ्या, अम्मा."

पहिलं आणि तिसरं वाक्य मी ऐकलंच नाही. मधलं मात्र घट्ट धरून बसले. जे. पी. नगरला जायचे, दाराजवळच्या खुर्चीत मास्क लावून बसायचे आणि लांबून "अगो बाई, गोडुली!" करायचे. सुनंदाताई बाळ पुढे करायच्या, मी हात मागे घ्यायचे. कल्चर चुकलं असेल. गाठी आपोआपही विरतात म्हणे. नमुना नीट घेतला नसेल. माझ्या डोक्यात कारणांची रांग लागलेली असायची.

एक दिवस सुनंदाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी आले म्हणून रागावलात का हो? सगळं काम मी ओढून घेतलं, ते मलाच बरं वाटत नाही. तुम्ही बऱ्या झालात की मी जाणार, असंच ठरवून आले होते." त्यांच्याबद्दल महिनोन्‌महिने मी एक अख्खी गोष्ट रचली होती, आणि त्या गोष्टीतली बाई या खोलीत नव्हतीच.

त्या पुण्याला गेल्यावर वैदेही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बाळ तिच्या खांद्यावर. माझी लेक माझ्यावर गेलीय, तोंडाने फटकळ.

"आई, अजून कुठला रिपोर्ट हवाय तुला? काय दिसलं की तू मानशील, तुला टीबी नाही?"

मी तोंड उघडलं. शोधलं. खरंच शोधलं. सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. कुठलाही कागद आला असता तरी मी त्यात खोट काढली असती.

"सांग ना."

"मला भीती वाटते गं," मी म्हणाले. इतक्या महिन्यांत हे मी कुणालाच असं सरळ सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा नाही.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते. आता मला अंघोळीला जायचंय." तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि ती निघून गेली. बाथरूमची कडी लागल्याचा आवाज आला.

"अगं वैदेही! अय्यो, अगं!"

पाण्याचा आवाज सुरू झाला. घरात दुसरं कुणी नव्हतं. बाळाने आधी ओठ काढले, मग भोकाडच पसरलं. मी तिला उचलून खांद्याशी घेतलं. ती माझ्या अंदाजापेक्षा जड होती आणि गरम होती. रडता रडता तिची मूठ माझ्या मास्कमध्ये अडकली आणि तिने तो ओढला. एका कानावरून तो सुटून लोंबायला लागला.

मी तो तसाच लोंबू दिला.